वाळत घातलेली शर्यत

चिक्कडपल्लीत घर बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्याकडे पिवळ्या रंगाचं काही आहे का? मोठं पाहिजे. साडी असली तर उत्तम."

भाडं, डिपॉझिट, पाहुणे, पाण्याची वेळ, यातलं काहीच नाही. नांदेडहून बदली होऊन आल्यावर हैदराबादेत घरं शोधताना मी बरेच चमत्कारिक प्रश्न ऐकले होते, पण हा नवा होता. मी दारातूनच परत फिरणार, तेवढ्यात आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली. "घाबरू नको ग," ती म्हणाली. "ह्यांना घोड्यासाठी पाहिजे."

एवढं ऐकून माझी भीती कमी व्हायला हवी होती असं त्या बाईला का वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझ्याकडे पिवळी साडी होती, काळ्या काठांची. तसं मी सांगितल्याबरोबर घरमालक इतके खूश झाले, की वरच्या दोन खोल्या त्याच संध्याकाळी माझ्या झाल्या.

सगळे त्यांना सर म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. जामबागेतल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पण गावात त्यांना ओळखणारे ओळखायचे ते त्यांच्या दुसऱ्या धंद्यामुळे. मलकपेटच्या रेसकोर्सवर शर्यत सुरू झाली, की कोण पुढे, कोण मागे, कोण कडेनं मुसंडी मारतोय हे लाउडस्पीकरवरून सांगणारा आवाज सरांचा. मी आले तोवर बाकीच्या शर्यती तरुण मंडळींकडे गेल्या होत्या. सरांकडे एकच उरली होती. दसऱ्याच्या आगेमागे होणारी, फक्त तीन वर्षांच्या अस्सल जातीच्या घोड्यांची. जग तिला डर्बी म्हणतं. सर तिला 'वार्षिक' म्हणायचे, आणि कुणी डर्बी म्हटलं की वर्गात शिट्टी ऐकल्यासारखा चेहरा करायचे.

आता साडीचं. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले असतात, आणि त्याच्या घोड्यावर बसणारा जॉकी त्या रंगाचा सदरा घालतो. लांबून ना घोडा ओळखू येतो ना जॉकी, दिसतो तो फक्त रंग. तेव्हा कॉमेंट्री करणाऱ्याला रंग आणि नाव यांची जोडी जिभेवर बसवावी लागते. बाकीचे लोक कागदावर रंगीत पेन्सिलींनी सदरे रंगवून पाठ करतात. सरांना ते पटत नसे. "कागदावरचा रंग एका जागी बसतो बघ," ते म्हणायचे. "घोडा बसतो का?"

म्हणून वार्षिक जवळ आली, की ते गच्चीवर दोरी बांधायचे आणि प्रत्येक घोड्यासाठी एकेक कपडा वाळत घालायचे. काकूंचं हिरवं लुगडं, समोरच्या घरातला लाल टॉवेल, स्वतःचा निळा पायजमा, माझी पिवळी साडी. मग दुर्बीण घेऊन टाकीपाशी जाऊन उभे राहायचे आणि वाऱ्यावर उडणाऱ्या कपड्यांची कॉमेंट्री करायचे, खणखणीत इंग्रजीत. वारा नसेल त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. समोरच्या गच्चीवरच्या आजी लोणच्याच्या फोडी उलटता उलटता विचारायच्या, "एमंडी सारू, एवरु गेलिचारु?" म्हणजे कोण जिंकलं हो आज. सर गंभीरपणे सांगायचे, "तुमचा टॉवेल. थोडक्यात."

माझी साडी मात्र नेहमी पहिल्या तिघांत असायची. पिवळा सदरा आणि काळ्या बाह्या हे एका जुन्या घराण्याचे रंग, आणि त्यांचे घोडे चांगले. माझी साडी यंदा फेव्हरिट आहे हे ऑफिसात कुणाला सांगायची सोय नव्हती.

सरांचा स्वभाव मुळात काळजीचा. गॅस बंद केला का हे बघायला ते रामकोटीवरून घरी परत आलेले मी पाहिले आहेत. पण वार्षिकच्या आधीची काळजी वेगळीच असायची, आणि ती जिन्यानं वर माझ्यापर्यंत यायची. आवाज जपायचा म्हणून ते बोलणं बंद करायचे. चहा पाहिजे, तर दोन बोटं. नको, तर एक. लवंगा आणायला बेगम बाजारात स्वतः जायचे आणि दुकानादुकानांत एकेक चावून बघायचे. गळ्याला मफलर, तोही ऑक्टोबरातल्या उकाड्यात. काकू म्हणायच्या, "वर्षात एवढा एक आठवडा घरात शांतता असते. पण कान लागून राहतात ग, ह्यांना काही झालं तर नाही ना."

एकदा मी विचारलं, "सर, इतकी वर्षं करताय, आता कसली भीती?"

त्यांनी मौन मोडलं. "बाकीच्या शर्यतींत यंदा नाही तर पुढच्या साली. इथं तसं नाही. तीन वर्षांचं पोर ते. ह्या शर्यतीत जन्मात एकदा पळणार. पुढच्या साली वय उलटलं, दार बंद. त्याचं नाव मीच चुकीचं घेतलं तर त्यानं पुन्हा कधी पळायचं, सांग."

एक जानेवारीला सगळ्या घोड्यांचं वय एकदम एका वर्षानं वाढतं, जन्म कुठल्याही महिन्यातला असो. त्या दिवशी सर सकाळी गोडाचा शिरा करायला लावायचे आणि खाताना मात्र उदास असायचे. कुठल्या घोड्याचा पाय दुखावला, कुणाला ताप आला, कुणाची वार्षिक हुकली, ते सगळं त्यांना आठवायचं. शिऱ्याला चव कशी लागायची कोण जाणे.

इतिहास सांगतो म्हणणारा माणूस आधी चष्मा पुसतो. सर इतिहास पळवत सांगायचे. संध्याकाळी कपडे काढताना ते एखादं जुनं साल घ्यायचे आणि ती पूर्ण शर्यत फाटक उघडण्यापासून शेवटच्या खांबापर्यंत म्हणून दाखवायचे. त्यांच्या जन्माआधीच्या शर्यतीसुद्धा त्यांना येत होत्या. त्यांच्या आधी माइकवर बसणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्यांनी त्या तोंडपाठ केल्या होत्या, घरातल्या आरत्या पाठ होतात तशा. संस्थानाच्या काळात राजेरजवाड्यांचे घोडे पळायचे. संस्थान गेलं, घोडे व्यापाऱ्यांकडे आले. मग कारखानदारांकडे, आता सॉफ्टवेअरवाल्यांकडे. "मालक बदलले," सर माझी साडी माझ्या हातात देत म्हणायचे, "जी घराणी टिकली त्यांत अंगावरचे रंग बापाकडून लेकाकडे आले. शर्यतीचं वय तेवढं बदललं नाही. तीन वर्षं."

या इतिहासात एक साल असं होतं, की ते म्हणताना सर खाली बसायचे. तेव्हा त्यांना कॉमेंट्रीला लागून फार दिवस झाले नव्हते. शेवटच्या टप्प्यात दोन घोडे जोडीनं आले आणि सरांनी भलत्याच घोड्याचं नाव विजेता म्हणून घेतलं. फलकावर खरं नाव लागायला थोडा वेळ गेला. तेवढ्यात सरांच्या आवाजावर विश्वास ठेवून लोकांनी जिंकलेली तिकिटं फाडून टाकली. सर खाली गेले, तेव्हा एक म्हातारे मियाँ जमिनीवर ओणवे होऊन कागदाच्या तुकड्यांत स्वतःचे तुकडे शोधत होते. सर त्यांच्या शेजारी बसले आणि शोधू लागले. "सापडले का?" मी विचारलं. "नंबरचा तुकडा नाही सापडला," सर म्हणाले. त्या मियाँनी त्यांना ओळखलं नव्हतं. उलट "अल्ला तुम्हारा भला करे" म्हणाले. ते सरांना जास्त लागलं.

सरांनी कधीही पैसे लावले नाहीत. भाडेकरूंनाही लावू दिले नाहीत. "जीभ आणि खिसा एका कोटात ठेवू नये," हे त्यांचं वाक्य.

आणि एक साल पावसाचं. पलीकडच्या वळणावर चिखल असा उडाला, की सगळे सदरे एकाच रंगाचे झाले. दुसरा कुणी असता तर अंदाजानं काहीतरी बोलत राहिला असता. सरांनी माइकवर सांगितलं, "मला आता काही दिसत नाही. दिसलं की सांगतो." भरलेलं मैदान हसलं म्हणतात. पण तेव्हापासून लोक म्हणायला लागले, की सर म्हणाले म्हणजे तसंच.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं साल मात्र गुलकंदचं. गुलकंद नावाची घोडी सगळ्यांच्या मागून येऊन जिंकली, आणि शेवटच्या टप्प्यात सरांनी तिचं नाव असं काही चढवत नेलं, की चहाच्या टपरीवरची माणसं अजून त्याची नक्कल करतात. तिच्या जॉकीचा सदरा पिवळा होता, बाह्या काळ्या.

माझ्या तिथल्या शेवटच्या दसऱ्याची गोष्ट. दोरी बांधली होती, वारा बरा होता. त्या जुन्या घराण्याच्या नातवाची घोडी यंदा पिवळ्या रंगात पळणार होती. नाव मीठी नीम. सर टाकीपाशी उभे, मी पायऱ्यांवर मोबाइल घेऊन. हिरवं लुगडं पुढे, टॉवेल दुसरा, आणि मग सरांचा आवाज चढला, "बाहेरून गुलकंद येतेय, गुलकंद."

मला वाटलं ते जुनं साल म्हणताहेत. पण बाकीची नावं यंदाचीच होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. एखादे वेळी ते मीठी नीमनं सुरुवात करायचे आणि वळण आलं की गुलकंदवर जायचे. बाकी कशात चूक नाही. विजेचं बिल भरलं होतं, औषधं वेळेवर घेत होते, माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं होतं. फक्त तो पिवळा रंग दिसला, की जुनी घोडी नव्या घोडीला ढकलून पुढे यायची. ज्याला इतिहास येत नाही त्याची ही चूक झालीच नसती. त्याला पिवळा म्हणजे यंदाचा पिवळा, एवढंच.

मी खाली काकूंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुला पण ऐकू आलं?"

त्यांना मागच्या वर्षीच संशय आला होता. मागच्या वर्षी पिवळा घोडा मागेच राहिला, त्याचं नाव घ्यायची फार वेळ आली नाही, म्हणून निभावलं. यंदा पिवळाच फेव्हरिट होता.

"काकू, रेसक्लबात सांगायला पाहिजे," मी म्हटलं. "लोकांनी पुन्हा तिकिटं फाडली तर? आणि आता तर सगळं मोबाइलवर दिसतं. सरांची चूक संध्याकाळपर्यंत गावभर फिरेल."

"सांगितलं तर ते ह्यांच्याकडून वार्षिक काढून घेतील."

"घेऊ द्या ना."

काकूंनी देठ तोडला. "मग हे खुर्चीत बसतील. आणि बसले की उठायचे नाहीत. मी माझ्या सासऱ्यांचं पाहिलंय." पुढची जुडी ओढत म्हणाल्या, "यंदाची एक होऊ दे. तू जा त्यांच्यासंगं. शेजारी बस. चुकायला लागले तर बाहीला हात लाव."

त्या आठवड्यात मला ऑफिसात बसवेना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पिवळी खूण दिसली तरी मी ती खिडकी बंद करायचे. आम्ही दोघींनी जमेल ते केलं. मी मुद्दाम विचारायचे, "सर, मीठी नीमची घडी घालू का?" काकूंनी तर कहर केला. पोह्यांत, वरणात, उपम्यात मूठमूठ कढीपत्ता टाकायला लागल्या. "करियापाकाला हिंदीत मीठी नीम म्हणतात ना हो?" असं प्रत्येक जेवणाला विचारायच्या. सर मान हलवायचे, एकेक पान उचलून ताटाच्या कडेला लावायचे, आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन गुलकंदला जिंकवायचे.

शर्यतीच्या दिवशी दुपारी ऑटोत बसलो. सरांनी इस्त्रीचा कोट घातला होता, गळ्यात दुर्बीण. कोठीचा चौक ओलांडेपर्यंत ते बोटांनी खुणासुद्धा करत नव्हते. मग समोर बघतच म्हणाले, "हिनं तुला सांगितलं असेल. बाहीला हात लाव म्हणून."

मी मान हलवली.

"घाबरू लालीस का? मीपण घाबरू लालोय," ते म्हणाले. "करियापाक खाऊन खाऊन पित्त झालं, पण मेंदूत शिरलं नाही. नाव माहीत आहे मला. आत्ता विचार, सांगतो. मीठी नीम. पण रंग पळायला लागला, की तोंडात ती दुसरी येते. ती आधीच येऊन बसलेली असते."

"सर, मग परत जाऊ. बरं नाही म्हणून सांगू."

"आज आठ पोरं पहिल्यांदा आणि शेवटची पळणार," सर म्हणाले. "त्यांना दुसरा कोण ओळखतो?" त्यांनी दुर्बिणीचा पट्टा नीट केला.

कॉमेंट्रीची खोली स्टँडच्या अगदी वर. खाली माणसांचा समुद्र म्हणतात तो प्रकार. सर खुर्चीवर बसले नाहीत, उभे राहिले, लवंग गालात ठेवली आणि फाटक उघडलं.

पहिला अर्धा भाग त्यांनी असा काही म्हटला, की मी माझं काम विसरले. एकेक नाव स्वच्छ. हिरवा पुढे, त्याचं नाव; लाल त्याच्या खांद्याला, त्याचं नाव. पिवळा पार मागे होता. तिथेच राहा, असं मी त्या बिचाऱ्या घोडीला मनातल्या मनात विनवत होते. तिनं ऐकलं नाही. वळण संपलं आणि ती बाहेरच्या बाजूनं मोकळी झाली, हुबेहूब त्या जुन्या शर्यतीसारखी, सगळ्यांच्या मागून.

सरांच्या ओठांचा चंबू झाला. मला 'गु' दिसला, ऐकू यायच्या आधी दिसला. मी बाहीला हात लावला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्यत चालू असताना त्यांनी मैदानावरून नजर काढलेली मी तेव्हाच पाहिली. नाव आठवत नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि समोर माइक चालू होता, मला ते सांगता येईना. मग ते पुन्हा काचेकडे वळले.

"येलो," ते म्हणाले. "येलो अँड ब्लॅक."

आणि तिथून पुढे त्यांनी एकही नाव घेतलं नाही, कुणाचंच. बाहेरून पिवळा, आतून हिरवा, लाल थकला, पिवळा हिरव्याच्या बरोबरीला, पिवळा पुढे, पिवळा. आवाज चढत गेला आणि खालचं सगळं मैदान त्यांच्याबरोबर रंगाचं नाव घेऊन ओरडायला लागलं. घोडी खांबापाशी पोचली तेव्हा मला सरांचा आवाज आणि लोकांचा आवाज वेगळा काढता येईना. जिंकलेलं तिकीट कुणी फाडलं नाही. फलकावर नाव लागलं, ते बरोबर त्याच घोडीचं.

मी खाली बसले. मला रडू आलं, ते सुटल्याचं.

पाच मिनिटांत खोली भरली. क्लबाचे लोक, जुने सभासद, कोटवाले, शेरवानीवाले. "क्या बात है सर, सिर्फ रंग पे पूरी रेस खेंच दी," असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षीही असंच करा, लोकांना फार आवडलं. एकानं मोबाइल पुढे करून त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवला. सर हसत होते, हात जोडत होते. घामानं कोट पाठीला चिकटला होता. मी काकूंना फोन करून सांगितलं, झालं नीट, काही झालं नाही. पलीकडून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला.

लोक गेले. खाली स्टँड रिकामं व्हायला लागलं होतं. सरांनी माझं मनगट धरलं.

"तिचं नाव काय ग?" ते हळू म्हणाले.

"मीठी नीम, सर."

त्यांनी मान हलवली. माइकपाशी गेले, बटण दाबलं आणि म्हणाले, "लेडीज अँड जंटलमेन, मीठी नीम." पुन्हा एकदा, सावकाश, "मीठी नीम." गेटाकडे चाललेल्या दोनचार माणसांनी मागे वळून बघितलं आणि ती परत चालायला लागली. घोडी तोवर तबेल्याकडे गेली होती. सरांनी बटण बंद केलं, दुर्बीण गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मी ती उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. पुढच्या साली जो बसेल त्याला लागेल."

खाली उतरताना त्यांनी क्लबाच्या सेक्रेटरीला सांगितलं, की पुढच्या साली दुसरा कुणी बघा. त्या गृहस्थांना तो विनय वाटला. "अरे सर, आप भी," म्हणून त्यांनी सरांची पाठ थोपटली.

ऑटो चादरघाटच्या पुलावर अडकला. पुढे बस, मागे बस, सगळे हॉर्न वाजवत होते. सर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी माझ्या बाहीला हात लावला.

"काय म्हणालीस नाव?"

मी सांगितलं. नारायणगुडा येईपर्यंत त्यांनी आणखी तीनदा विचारलं, आणि मी तीनदा सांगितलं.